बाई, भिंतीवर नावं घालायची का?

बाई,

श्रीगोंद्याहून बबनरावांचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते. मुलं आपापली कामं टेबलावर मांडत होती. बबनराव फोनवर आधी हवापाण्याचं बोलतात, मग मुद्द्यावर येतात. त्या दिवशी ते एवढंच म्हणाले, "वैशाली, बाई गेल्या." मग म्हणाले, "झोपेतच गेल्या. सकाळी दूधवाल्यानं हाका मारल्या, तर आतनं आवाजच न्हाई."

मला लगेच रडू आलं नाही. आधी मनात आलं ते हे, की आपला वाद अर्धाच राहिला. "दिवाळीनंतर ये, मग ऐकते तुझं," असं तुम्ही म्हणाला होतात. मी येणारच होते. काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं. ते आता कुणापुढे मांडू, म्हणून हे लिहिते आहे.

तिसरीत तुम्ही आम्हाला होतात. इतर वर्गांत "ठाऊक नाही" म्हटलं की हातावर छडी बसायची, तुमच्या वर्गात तुम्ही म्हणायचात, "छान. मग विचारून ये." एकदा तुम्ही सगळ्या वर्गाला गल्लीत सोडलं होतंत. पाण्याच्या टाकीच्या जागी आधी काय होतं, ते विचारून यायचं होतं. कुणी चिंचेचं झाड घेऊन आलं, कुणी गुरांचा कोंडवाडा, कुणी कुठल्याशा बाबाची समाधी. खरं कुठलं, असं आम्ही विचारलं, तर तुम्ही शांतपणे म्हणालात, "मलाही ठाऊक नाही." बाईंना ठाऊक नसतं आणि तरी त्या हसू शकतात, हे आम्हाला केवढं तरी नवीन होतं.

पुढे आमच्या वडिलांची बदली झाली, श्रीगोंदा सुटलं. मी पुण्यात डिझाइन शिकले, मग तेच शिकवू लागले. गेल्या वर्षी माझ्या विद्यार्थ्यांना एक काम होतं. एखाद्या वस्तीत जायचं, तिथल्या लोकांना बरोबर घ्यायचं आणि सगळ्यांनी मिळून रस्त्यावर दिसेल असं काहीतरी करायचं. बघणाऱ्याला ती वस्ती कळली पाहिजे. मी म्हटलं, चला आमच्या टाकी गल्लीत. टाकीभोवतीची ती लांबलचक भिंत मला लहानपणापासून आठवत होती. जाहिराती, पिचकाऱ्या आणि फाटलेले पोस्टर, याशिवाय तिच्यावर कधी काही नव्हतं. आणि तिच्या बरोब्बर समोर तुमचं दार.

मुलांनी पहिलं चित्र तुमच्याच अंगणात दाखवलं. लॅपटॉप पाटावर ठेवला होता आणि गल्ली भोवती उभी होती. तन्वीनं फार मेहनत केली होती. मंदिराचं शिखर, उसाचं रान, बैलजोडी, फेटेवाला म्हातारा आणि मागे उगवता सूर्य. बबनराव मंडळाचे अध्यक्ष, ते एकदम खूश. "लई झ्याक. कधी रंगवताय?"

तुम्ही चष्मा पुसला आणि विचारलंत, "यातलं आपल्या गल्लीतलं काय आहे?"

सगळे लॅपटॉपवर वाकून शोधू लागले, तेव्हा तुम्हीच पुढे म्हणालात:

"मंदिर खालच्या आळीतलं. बैल आता कुणाच्या दारात आहेत ते मला दाखवा. हेच चित्र शेजारच्या गल्लीत लावलं, तर त्यांना कळेल का, की हे आपलं नाही म्हणून?"

तन्वीचा चेहरा पडला. पण ती पुण्याची पोरगी चिवट. तिनं उलट विचारलं, "मग आजी, तुमच्या गल्लीचं काय आहे ते तुम्हीच सांगा."

तुम्ही थोडा वेळ भिंतीकडे बघत बसलात. मग म्हणालात, "ठाऊक नाही गं. इतकी वर्षं राहते, पण कधी बघितलंच नाही. चल, विचारू."

आणि तुम्ही खरंच उठलात. पायात चपला घातल्यात, काठी घेतलीत आणि माझ्या विद्यार्थ्यांच्या पुढे चालायला लागलात. घराघरात जाऊन तुम्ही एकच विचारत होतात: "तुझ्या घरातली अशी एक वस्तू दाखव, जी गेली तर तुला चुकल्यासारखं होईल." लोक आधी देव दाखवायचे. तुम्ही म्हणायचात, देव सगळ्यांकडे आहेत, दुसरं दाखव. मग हळूहळू खऱ्या वस्तू बाहेर येऊ लागल्या. चकलीचा सोऱ्या. सायकलची चेन. सासूबाईंचा चष्मा, ज्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली होती. पुरणयंत्राची जाळी. कितीतरी स्वयंपाकघरांत तुम्ही त्या दिवसांत पहिल्यांदा पाऊल टाकलंत. शेजारणी तुम्हाला ओट्याजवळ बसवून चहा देत होत्या आणि तुम्ही ओळखीची बाई नव्यानं बघावी तसं त्यांच्याकडे बघत होतात.

त्यातूनच फरशांची कल्पना निघाली. ओल्या मातीची चौकोनी फरशी करायची, प्रत्येकानं आपली वस्तू तिच्यात स्वतःच्या हातानं दाबायची, ठसा उमटला की वाळवून कुंभाराच्या भट्टीत भाजायची आणि सगळ्या फरशा भिंतीवर एकाशेजारी एक बसवायच्या. पहिली भट्टी फसली, निम्म्या फरशा तडकल्या. मुलं हिरमुसली आणि तुम्हाला मात्र भलताच उत्साह आला. तडकलेल्या फरशा पदरात घेऊन तुम्ही कोण जास्त जोर लावून दाबतं आणि कोण हलक्या हातानं, याचा अंदाज बांधत बसलात. "बबनची तडकणारच होती," म्हणालात. बबनरावांनी वडिलांचा अडकित्ता अशा काही ताकदीनं दाबला होता की तो पार पलीकडे निघाला होता. त्यांनीही हसून घेतलं आणि दुसऱ्यांदा दाबला.

तुम्ही तुमच्या दाराची कडी दाबलीत. मी विचारलं, कडीच का? तर म्हणालात, "गल्लीतलं प्रत्येक पोर ही वाजवून पळालंय. माझ्या घरातली सगळ्यांत जास्त हात लागलेली वस्तू हीच आहे."

इथवर सगळं हसतखेळत चाललं होतं. मग तुम्ही टाकीच्या मागे गेलात.

हंगाम सुरू झाला होता. टाकीमागच्या मोकळ्या जागेत ऊसतोडीची टोळी उतरली होती, पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोप्या उभ्या होत्या. दर वर्षी असतात. आपण त्यांच्याकडे कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरइतकंच बघतो. संध्याकाळी बायका फडावरून परतल्या होत्या, चुली पेटत होत्या. तुम्ही एका कोपीपुढे उभ्या राहिलात आणि आतल्या बाईला तोच प्रश्न विचारलात. तिचं नाव मंदा, पाथर्डीच्या पलीकडची. हातातलं पीठ तसंच ठेवून ती तुमच्याकडे बघत राहिली.

तन्वी उत्साहानं म्हणाली, "ताई, तुमचा कोयता चालेल."

मंदानं मान हलवली. "कोयता आख्खा दिस हातात असतोय. त्यो कशाला भितीवर?" मग ती आत गेली आणि एक लाकडी फणी घेऊन आली. "ही घ्या. दिसातनं येवढं येकच काम मी माझ्यासाठी करते."

तिनं ती फणी मातीत दाबली तेव्हा तिची जाऊ आणि शेजारच्या दोघी बघायला आल्या. दात फार स्वच्छ उमटले. फणी बाजूला काढल्यावर तो ठसा कशाचा आहे हे ओळखूच येईना. कुणाला ती उसाची सरी वाटली, कुणाला जाळी, कुणाला पाऊस. तुम्हाला ते इतकं आवडलं की परत येताना वाटभर तुम्ही तेच बोलत होतात.

बबनरावांना ते आवडलं नाही. दुसऱ्या दिवशी तुमच्या अंगणात त्यांनी सरळच विषय काढला. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ऐकावं लागलं.

"बाई, ती मानसं वाईट हायेत असं न्हाई माझं म्हननं. पन हंगाम सरला की ती जानार. फुडल्या साली दुसरी टोळी येनार. भित आपल्या गल्लीची हाय. त्यांचं त्यात कसं काय बसवायचं?"

"बबन, तुझी मुलगी हडपसरला असते. तिचा ठसा घेतलास ना?"

"घेतला की. ती हितलीच हाय."

"वर्षात किती राहते?"

"दिवाळीला येती."

"आणि मंदा थंडीभर इथे असते."

मला वाटलं, झालं. तुम्ही जिंकलात. माझ्या विद्यार्थ्यांनी तर एकमेकांकडे बघून मानाही डोलावल्या. पण बबनराव म्हणाले, "माझी पोरगी गेली तरी तिचं घर हितं हाय, बाई. मंदाचं घर पाथर्डीकडं हाय. तुमी आमी हितं बसून ठरवतोय. तिला इचारलंय का कुनी, तिला हितली व्हायचंय का ते?"

बाई, तुमचा चेहरा मला अजून आठवतो. आयुष्यभर ज्यांनी दुसऱ्यांना प्रश्न विचारले, त्यांना एका जुन्या विद्यार्थ्यानं असा प्रश्न विचारला होता की ज्याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. तुम्ही चिडला नाहीत. तुम्ही खूश झालात. "बरोबर आहे तुझं," म्हणालात, "मी विचारलंच नाही." आणि काठी उचलून परत टाकीमागे निघालात. या वेळी बबनरावही बरोबर आले.

मंदा भाकरी थापत होती. तुम्ही तिला नीट समजावून सांगितलंत, की ही भिंत गल्लीची ओळख म्हणून आहे, आणि तुला या गल्लीतलं म्हणवून घ्यायचं आहे का. ती हसली. भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, मगच बोलली.

"मला न्हाई व्हायचं हितलं. माझं गाव हाय, घर हाय, सासू हाय, दोन शेरडं हायेत. हितलं कशाला व्हायचं?"

बबनरावांनी तुमच्याकडे बघितलं.

मंदा पुढे म्हणाली, "पन मी हितं हुते ना? ते काय खोटं न्हाई. तेवढं ऱ्हाऊ द्या."

तुमचे डोळे ओले झाले ते चुलीच्या धुरानं की कशानं, मला कळलं नाही. तुमच्या दाराशी आल्यावर बबनराव म्हणाले, "हुते म्हनली ना ती. मग लावा." आणि ते घरी गेले. पुढे ज्या दिवशी फरशा बसवल्या, त्या दिवशी फणीची फरशी त्यांनीच ओळंबा लावून सरळ केली.

मंदानं मात्र भिंत बघितली नाही. भिंत पुरी व्हायच्या आधीच हंगाम संपला आणि टोळी ट्रॅक्टरवर सामान बांधून गेली. तुम्ही तन्वीकडून तुमच्या मोबाईलवरून तिला फोटो पाठवलात. तिचा बोललेला निरोपच आला उलट: "फनी लई मोठी दिसती वं बाई." तो आवाज तुम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत होतात.

आता आपल्या वादाचं.

फरशांखाली नावं घालावीत असं माझं म्हणणं होतं. गल्लीचंही तेच होतं, पण त्यांच्यापेक्षा माझं कारण वेगळं होतं. बबनरावांचं नाव भिंतीवर नसलं तरी ते गल्लीला ठाऊक आहेत. मंदाचं नाव कुठेच नाही. ते इथे तरी असू दे, असं मला वाटत होतं. तुम्ही ऐकायला तयार नव्हतात. "नाव घातलंस की माणूस आपलं तेवढं शोधतो आणि पुढे जातो. नाव नसलं की थांबतो, शेजारच्याला विचारतो, हे कुणाचं? मला ती विचारपूस हवी आहे." मी म्हटलं, बाई, ही शाळा नाही. तुम्ही म्हणालात, "शाळेत तरी कुठे कोण विचारत होतं?"

भिंत तुमच्या मनासारखी झाली, नावांशिवाय. आणि खरं सांगायचं तर पहिले काही महिने तुमचंच बरोबर निघालं. लोक थांबत होते. बँकेतून परतणारे, शाळेची पोरं, शिंगणापूरहून येताना वाट चुकलेली एक जीप. जीपमधल्या बायकांनी तुम्हाला बाहेर बोलावून एकेक ठसा विचारून घेतला, आणि तुम्ही दारातल्या खुर्चीत बसून गल्लीचं सगळं पुराण त्यांना सांगितलंत. फोनवर मला म्हणालात, "बघ. निवृत्त झाल्यानंतर इतकं कधी बोलले नव्हते."

मी तेव्हा बोलले नाही, पण माझं उत्तर तिथेच तयार झालं होतं. ते असं आहे. हे कुणाचं असं कुणी विचारलं, तर सांगणारं कुणीतरी समोर असावं लागतं, बाई. ती दारातली खुर्ची होती म्हणून तुमचं म्हणणं चाललं. खुर्ची रिकामी झाली की फणीचा पाऊस होतो, सरी होते, जाळी होते आणि मंदा नाहीशी होते. याला तुम्ही काय म्हणाला असतात? मी मनातल्या मनात तुमच्याकडून पुष्कळ उत्तरं देऊन बघते. एकही तुमच्यासारखं वाटत नाही.

आणखी एक राहून गेलं. तुम्ही गल्लीतल्या प्रत्येकाला विचारलंत, तुम्हाला कुणी काही विचारलं का? मी तरी नाही. तिसरीपासून तुम्ही माझ्यासाठी एकट्या राहणाऱ्या, खादीची साडी नेसणाऱ्या इनामदार बाई होतात, आणि त्यात विचारण्यासारखं काही असेल असं मला कधी वाटलं नाही. तुमच्या दहाव्याला तन्वी आली होती. परतताना गाडीत तिनं सांगितलं, की फरशा वाळत घालताना एकदा तिनं तुम्हाला विचारलं होतं, आजी, तुम्ही लग्न का नाही केलंत? तुम्ही हसलात म्हणे. "हा प्रश्न सगळ्या गल्लीला पडलाय. विचारणारी तू पहिलीच."

"मग काय म्हणाल्या?" मी विचारलं.

तन्वीनं खिडकीची काच वर केली. "सांगितलं त्यांनी. सगळं सांगितलं." मग म्हणाली, "पण मॅडम, ते त्यांनी मला सांगितलं."

मला आधी राग आला. पुणं येईपर्यंत तो गेला होता. तुमचं काहीतरी कुणाकडे तरी सुखरूप आहे, आणि ते माझ्याकडे नाही, यात मला आता बरंच वाटतं. कुतूहल मात्र जात नाही. तुम्ही लावलेली सवय आहे, ती तुमच्याच बाबतीत कशी सुटेल?

गेल्या आठवड्यात मी पुन्हा गल्लीत आले. तुमच्या दाराला कुलूप आहे. तुमचा भाचा नाशिकहून येऊन घराचं बघणार आहे म्हणे. भिंतीवर गल्लीनं तुमचा श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला होता, पण तो फरशा झाकतो हे लक्षात आल्यावर बबनरावांनीच तो सोडवून विजेच्या खांबाला बांधला. फोटो जुना आहे, शाळेच्या वेळचा. तुम्हाला आवडला नसता.

गल्लीची इच्छा भिंतीला तुमचं नाव द्यायची आहे. संगमरवरी पाटी लावायची, मजकूर मी लिहायचा. तुमच्या पायरीवर बसून बबनरावांनी हे सांगितलं, तेव्हा काय अडतंय ते आम्हा दोघांनाही कळत होतं. ज्या भिंतीवर कुणाचंच नाव नको म्हणून तुम्ही भांडलात, तिच्यावर एकटं तुमचंच नाव लावायचं.

"तू तर नावांच्या बाजूची हुतीस," बबनराव म्हणाले.

"होते."

"मग?"

तेवढ्यात टाकीमागून एक बाई कळशी घेऊन नळावर आली. या वर्षीची टोळी उतरली आहे, नवी माणसं आहेत, बीडकडची. कळशी भरायला लावून ती भिंतीशी गेली आणि एकेका फरशीवर बोट फिरवू लागली. फणीपाशी थांबली. आम्ही बघतोय हे दिसल्यावर तिनं जरा संकोचून विचारलं, "दादा, ह्ये काय हाय?"

मी तोंड उघडणार होते. पण बबनराव उठले. धोतर झटकलं, तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, "ही मंदाची फनी. पाथर्डीची. ती तोडीला आलती हितं."

मग त्यांनी तिला सगळं सांगितलं. भाकरी, चूल, मंदा काय म्हणाली, आपण काय म्हणालो. त्यांनी ते बरंच वाढवून सांगितलं, आणि त्यांच्या सांगण्यात मंदाला घ्यायचंच असं पहिल्यापासून म्हणणारे तेच होते. मी त्यांना अडवलं नाही. तुम्ही अडवलं असतंत का, तेही मला सांगता येत नाही.

त्या बाईनं लक्ष देऊन ऐकलं. कळशी भरून वाहायला लागली तरी ती हलली नाही. सगळं ऐकून झाल्यावर तिनं भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. कुठेच जागा नव्हती.

"मग आमचं कुटं लावायचं?" तिनं विचारलं.

बबनरावांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "ठाऊक नाही."

भिंतीच्या कडेकडेनं चालत बबनराव कोपऱ्यापर्यंत गेले आणि तिथून वळून टाकीच्या मागच्या बाजूला, जिथे कोप्या आहेत. आम्ही दोघी त्यांच्या मागे गेलो. ती भिंत कोरीच आहे, बाई. नुसत्या विटा दिसतात, सिमेंट कधी लागलंच नाही. बबनरावांनी नखानं विटांमधली माती खरवडून बघितली, हात झटकला आणि स्वतःशीच म्हणाले, "आधी पलिस्तर करून घ्यावं लागंल."